जुन्या आउटबोर्डच्या लोअर युनिटमध्ये पाणी: सील बदलूनही तेल पांढरंच

कर्लीकाठ
नमस्कार मंडळी. देवबागला मामाची छोटी फायबर होडी आहे. त्यावर यामाहाचं 15 एचपी टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे टांगायचं इंजिन, दोरी ओढून सुरू करायचं. मामाने घेतलं तेव्हाच ते जुनं होतं, त्यामुळे नेमकं किती वर्षांचं हे कोणालाच माहीत नाही. 1 जूनला पावसाळी बंदी लागली, इंजिन उतरवून पडवीत लाकडी घोडीवर टांगलं आणि लोअर युनिटमधलं, म्हणजे गिअर आणि पंखा असलेल्या खालच्या भागातलं, गिअर ऑइल काढलं. काळपट यायला हवं ते दूध जास्त झालेल्या कॉफीसारखं बाहेर आलं.
पंख्यामागची सीलं (शाफ्टभोवती बसून पाणी अडवणाऱ्या रबरी कड्या) गेल्या वर्षीच एका मेकॅनिककडून बदलून घेतली होती. तो आता म्हणतो, "परत टाकू." मामा म्हणतो, तेलच नको, जाड ग्रीस ठासून भर, मग पाणी शिरायला जागाच राहत नाही. गिअर नीट पडतात, आवाज नाही, तेलात चकाकी नाही. स्क्रूच्या चुंबकावर बारीक राखाडी चिखल आहे, तुकडे नाहीत. आता काय करावं?

तांडेल_जुनो
सीलांची घाई करू नका. आता तेल काडलास ता काडलास. फुडच्या टायमाक इंजिन उबा करून रातभर तसाच रवांदे. सकाळी खालचो स्क्रू अर्धो आटो सैल करा. पाणी जड, ता पयला येतला. पयलो थेंब नितळ पाण्याचो इलो तर भोक मोठा आसा, आणि नुसता पांढरा तेल इला तर भोक बारीक.
मामाक सांगा, ग्रीस भरू नको. तसली इंजिना उघडून बगलेली आसत.

भंगारातून_बहार
तांडेलकाकांना +1. ग्रीसबद्दल थोडं खुलासेवार लिहितो, कारण हा सल्ला किनाऱ्यावर प्रत्येक बंदरात मिळतो.
तेल वाहतं. गिअर फिरला की ते उडतं, बेअरिंगपर्यंत जातं आणि परत खाली येतं. ग्रीस तसं करत नाही. गिअर त्यात आपल्यापुरती वाट कोरून घेतो आणि मग त्या पोकळीत जवळजवळ कोरडाच फिरतो. वरचं बेअरिंग उपाशी राहतं. पाणी तरीही शिरतंच, फक्त ते ग्रीसच्या मागे दडून बेअरिंगच्या गोळ्यांवर गंज चढवतं आणि तुम्हाला दिसत नाही. पांढरं तेल निदान ओरडून सांगतं तरी.
अपवाद एकच ठाऊक आहे, जुन्या ब्रिटिश सीगलचा. त्यांच्या गिअरबॉक्सला धड सीलच नसायचं, 140 नंबरचं घट्ट तेल घालायचं आणि थोडं पाणी मिसळणारच हे कंपनीने गृहीत धरलेलं. पण त्यात साधी ब्राँझची बुशं. तुमच्या इंजिनात बॉल आणि नीडल बेअरिंग आहेत, त्यांना पाणी अजिबात सोसत नाही.

अडाणी_प्रश्न
एक शंका. हा भाग पाण्यात बुडतो तो फार तर हात-दीड हात. एवढ्याशा दाबाने पाणी आत जातं कसं?

भंगारातून_बहार
प्रश्न अजिबात अडाणी नाही. अर्धा मीटर पाण्याचा दाब फक्त 0.7 पीएसआयच्या (टायरची हवा मोजतात तेच माप) आसपास येतो. नुसत्या तेवढ्याने बरं सील हार मानत नाही. पण इंजिन चालताना तेल तापून फुगतं आणि आतला दाब वाढतो. थांबलं की तेल आकसतं आणि आत ओढ तयार होते. सील जरा दुबळं असेल तर तापताना तेल बाहेर, निवताना पाणी आत. दिवसभरात जितक्या वेळा इंजिन चालू-बंद, तितक्या वेळा हा श्वासोच्छ्वास. जाळं टाकताना, ओढताना आणि पर्यटकांना डॉल्फिन दाखवताना किती वेळा बंद-चालू होतं ते मोजा.

शिडवाली
आमच्या सेलिंग क्लबच्या रेस्क्यू बोटींवर हेच इंजिन होतं, म्हणून अधिकाराने लिहिते. पाणी शिरायच्या जागा मोजक्या आहेत, पण सगळे पहिल्याच जागेवर अडकतात.
पंख्याच्या शाफ्टची सीलं ही पहिली जागा. शाफ्टवर तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) गुंडाळला गेला की तो पंख्यामागे वितळून कडक होतो आणि सीलची कड कापतो. पंखा काढल्याशिवाय तो दिसत नाही, म्हणून महिन्यातून एकदा तरी पंखा काढून बघा. मग ही सीलं ज्यात बसतात तो बेअरिंग कॅरिअर, म्हणजे दोन बोल्टांनी बसणारं गोल झाकण. त्याच्या बाहेरून एक मोठी ओरिंग, म्हणजे रबरी गोल कडी, असते. वर वॉटर पंपाच्या खाली, इंजिनाकडून खाली येणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टची सीलं. गिअर बदलणारा शिफ्ट रॉड आत जातो तिथलं छोटं सील. आणि ज्यांच्याकडे कोणीच बघत नाही ते तेलाच्या दोन स्क्रूंचे वॉशर.
यातलं नेमकं कोणतं, हे हवेचा दाब देऊनच कळतं. सील बदलत बसणं म्हणजे पैसे घालून अंदाज करणं.

कर्लीकाठ
ताई, दाब द्यायचा कसा? ते टेस्टर इथे मालवणात कुठे मिळणार?

लेथवाला_रत्नागिरी
मिळत नाही, बनवायचं. तुमच्या तेलाच्या स्क्रूच्या आट्याचा एक बोल्ट घ्या. मोजमापाच्या भानगडीत न पडता जुना स्क्रूच लेथवाल्याकडे घेऊन जा. त्याला मधून आरपार भोक मारा आणि डोक्यावर बाइकच्या ट्यूबचा पितळी व्हॉल्व्ह ब्रेझिंगने बसवा. मध्ये टी (तीन तोंडांचा जोड) टाकून एक कमी रेंजचं प्रेशर गेज लावा, 0 ते 30 पीएसआयचं. टायरवाल्याचं गेज इथे कामाचं नाही, त्यात 10 चा काटा हललेला कळतही नाही.
हवा सायकलच्या हातपंपानेच मारा. कॉम्प्रेसर लावू नका. त्याचा दाब शंभरच्या वर असतो, एका फुस्सात चांगली सीलंही घरातून बाहेर येतात. असं झालेलं काम माझ्याकडे दुरुस्तीला आलेलं आहे.

शिडवाली
बरोबर. आधी 3-4 पीएसआय द्या आणि थांबा, मग हळूहळू 10 पर्यंत न्या. त्यापुढे आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये लिहिलं असेल तरच. मोठी गळती कमी दाबालाच दिसते, उलट दाब वाढवला की काही सीलं शाफ्टला जास्त घट्ट धरतात आणि गळती लपते.
दाब असतानाच पंख्याचा शाफ्ट हाताने फिरवा, थोडा आत-बाहेर आणि वर-खाली हलवा. ड्राइव्ह शाफ्ट फिरवा. शिफ्ट रॉड खाली-वर करा. शाफ्ट वाकडा असला तर नुसतं ठेवल्यावर काही गळत नाही, फिरवल्यावरच एका विशिष्ट जागी बुडबुडा सुटतो. लोअर युनिट इंजिनापासून सोडवून पाण्याच्या पिंपात बुडवलं तर उत्तम. साबणाचं पाणीही चालतं, पण पंपाखालची गळती त्याने नीट दिसत नाही.
आणि हो, पंख्याला हात लावण्याआधी स्पार्क प्लगच्या टोप्या काढून ठेवा. दोरीवर सुरू होणारं गरम इंजिन गिअरमध्ये असताना पंखा फिरवला तर उलटं सुरू होऊ शकतं.

अडाणी_प्रश्न
ताई, दाब आतून बाहेर. पाणी तर बाहेरून आत येतं. मग चाचणी उलटी नाही झाली?

शिडवाली
झाली ना! म्हणून दुसरी चाचणी व्हॅक्यूमची. सीलची कड ज्या बाजूला तोंड करून असते त्या बाजूने दाब आला की ती शाफ्टवर आणखी दाबली जाते. मागून आला की उचलली जाते. पंख्याच्या शाफ्टवर बहुतेक ठिकाणी दोन सीलं असतात. काही इंजिनांत एक आत आणि एक बाहेर तोंड करून, काहींत दोन्ही बाहेर. म्हणजे प्रेशरला पास आणि व्हॅक्यूमला नापास असं युनिट अगदी शक्य आहे. गाडीचे ब्रेक ब्लीड करायचा हातपंप असतो त्याने हे होतं.
म्हणूनच जुनी सीलं काढताना आधी फोटो काढा, कोणाचं तोंड कुठे ते. मेकॅनिकने उलटं बसवलेलं नवं सील मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

मिशिगनचा_मिल्या
इकडे तळ्यावर माझ्याकडे जुनं जॉन्सन आहे. दोन गोष्टी घालतो.
आमच्याकडे शरद ऋतूत तेल बदलणं हा शिष्टाचार नाही, सक्ती आहे. आत पाणी राहिलं आणि थंडीत गोठलं की ते सुमारे 9 टक्के फुगतं आणि ॲल्युमिनियमचं अख्खं घर, म्हणजे गिअरभोवतीचं कवच, उभं चिरतं. वसंतात लोक तेल भरतात आणि ते जमिनीवरच वाहतं. तुम्हाला हा त्रास नाही, तुमच्याकडे मीठ आहे.
दुसरं, कोणी भारतात जुनं जॉन्सन किंवा एव्हिनरूड घेऊन बसलं असेल तर सावध. खालच्या बाजूला दोन स्क्रू जवळजवळ असतात. सपाट खाचेचा तेलाचा. फुलीच्या खाचेचा शिफ्टच्या आतल्या तुकड्याला धरून ठेवणारा असतो. तो तेलाचा समजून काढला की आतला सांधा निसटतो आणि सगळं खोलावं लागतं. मूळ कंपनी ओएमसी 2000 च्या डिसेंबरात दिवाळखोरीत गेली, पुढे बीआरपीने 2020 मध्ये एव्हिनरूड बनवणंही थांबवलं. पण जुन्या मॉडेलची सीलं इकडे अजून सहज मिळतात. कोणाला हवी असतील तर डिसेंबरात येताना आणीन.

कर्लीकाठ
लेथवाल्यांनी सांगितलं तसा बोल्ट करून आणला. गेजही मिळालं. युनिट सोडवताना शिफ्ट रॉडचा जोड आधी सुटा केला, मग बोल्ट. एक बोल्ट मिठाने असा धरला होता की पाना सरकायला लागला. गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेवला, सकाळी गरम करून सुटला.
आता निकाल. पंख्याच्या सीलातून काही नाही! 4 पीएसआयलाच कॅरिअरच्या कडेला, घड्याळात सात वाजतात त्या जागी, बारीक बुडबुड्यांची माळ. शाफ्ट फिरवा, हलवा, फरक नाही. माळ तिथेच.

भंगारातून_बहार
म्हणजे ओरिंग किंवा ती बसते ती जागा. सीलं नवी टाकताना कॅरिअर बाहेर काढलाच असणार. ओरिंग जुनीच परत घातली असेल. आता तुमचं पुढचं काम कॅरिअर काढायचं, आणि इथेच बहुतेक लोक नुकसान करतात. कॅरिअर आणि घर दोन्ही ॲल्युमिनियम, मध्ये मीठ. छिन्नी घालून कडेने उचकटू नका. जिथे छिन्नीचा घाव बसेल तिथून पुढच्या वर्षी गळेल. पुलर लावा. पुलर नसेल तर पंख्याचा शाफ्ट धरून स्लाइड हॅमरने सरळ मागे ओढा. घराला बाहेरून हीट गनची ऊब द्या. ज्योत लावायचीच असेल तर हलती ठेवा आणि आतलं तेल आधी पुसून घ्या.

कर्लीकाठ
निघाला. ओरिंगची एक बाजू चपटी झालेली, हाताला कडक. खरी गंमत तिच्या मागे आहे. घराच्या आतल्या भिंतीवर सात वाजताच्या जागी पांढरी भुकटी. खरवडली तर खाली तांदळाच्या दाण्याएवढा खड्डा. नवी ओरिंग घातली तरी ती या खड्ड्यावरून पूल बांधून जाईल आणि खालून पाणी वाहणार.
शाफ्टवर सीलच्या जागी एक चकाकती रेघ आहे. नखाला किंचित लागते.

लेथवाला_रत्नागिरी
खड्डा भरता येतो. पांढरं सगळं खरवडून खाली चमकता धातू दिसेपर्यंत साफ करा. थिनरने पुसा. ॲल्युमिनियम पावडर असलेलं दोन भागांचं मेटल इपॉक्सी दाबून भरा, नीट वाळू द्या, मग गोलाई धरून बारीक वॉटर पेपरने घासा. बोटाला उंचवटा लागता कामा नये.
शाफ्टची रेघ नखाला लागते म्हणजे सील तिथे वर्षभर टिकणार नाही, आज गळत नसली तरी. उपाय तीन. सील घरात एक-दीड मिलिमीटर कमी-जास्त खोल बसवून कड नव्या जागेवर आणायची, जागा असेल तर. किंवा पातळ स्टीलची स्लीव्ह शाफ्टवर चढवायची. किंवा नवा शाफ्ट. पॉलिश पेपर मारायचा तर शाफ्टच्या गोल फेरीनेच मारा. लांबीच्या दिशेने पडलेला ओरखडा म्हणजे पाण्याला आत यायचा रस्ता.

वाळूत_रुतलेला
इपॉक्सी-बिपॉक्सी टिकत नाही हो खाऱ्या पाण्यात. माझ्या मते घर बदला, भंगारात चांगली मिळतात.

लेथवाला_रत्नागिरी
उघड्यावर, स्केगवर (पंख्याखालच्या उभ्या पात्यावर) लावलेलं उखडतं, मान्य. पण इथे ते ओरिंगखाली दाबलेलं आहे, त्याच्यावर ना घर्षण ना जोर. धातू नीट साफ केला नसेल तर मात्र उखडणारच. आणि भंगारातलं घरही त्याच मिठात वाढलेलं असतं, त्याच्या ओरिंगच्या जागेची हमी कोण देणार?

वाळूत_रुतलेला
बरं. माझं उखडलं ते स्केगवरचंच होतं.

कर्लीकाठ
सीलं उघडलीच आहेत तर बदलतोय. बेअरिंगच्या दुकानात त्याच मापाची मिळतात, निम्म्याहून कमी किमतीत. घेऊ का?

शिडवाली
माप आतलं, बाहेरचं आणि जाडी असं तीन आकड्यांत सीलवरच छापलेलं असतं, त्यामुळे मिळतील नक्की. पण सीलच्या कडेमागे एक बारीक गोल स्प्रिंग असते ती बघा. कारखान्यातल्या मशिनसाठीच्या सीलात ती बहुधा साध्या स्टीलची असते. गोड्या पाण्यात काही काळ चालते. खाऱ्या पाण्यात एका मोसमात तिचा चुरा होतो, कड सैल पडते. स्टेनलेस स्प्रिंग आहे हे दुकानदार खात्रीने सांगत असेल तर घ्या. नाहीतर बाहेरच्या, पाण्याकडच्या सीलवर तरी पैसे वाचवू नका.
बसवताना कडेला ग्रीस लावा. बाहेरच्या व्यासाएवढा सॉकेट घेऊन सरळ ठोका. शाफ्टच्या आट्यांवर आणि खाचेवर सेलोटेप गुंडाळा, नाहीतर कॅरिअर चढवतानाच नव्या सीलची कड फाटते.

कर्लीकाठ
अपडेट. इपॉक्सी भरलं, घासलं. ओरिंग नवी. सील थोडं कमी खोल बसवून कड रेघेपासून बाजूला आणली, जागा होती. प्रेशर 10 ला दिला, जेवून येईपर्यंत काटा जागचा हलला नाही. घरात जल्लोष.
मग ताईंचा व्हॅक्यूम लावला आणि काटा घसरायला लागला. खूप हळू, पण घसरतोय. आता कुठे शोधू? आत ओढ असताना बुडबुडे तर दिसत नाहीत.

भंगारातून_बहार
एकेका जोडावर थोडं घट्ट तेल किंवा ग्रीस लावत जा. ज्या जागी लावल्यावर काटा थांबेल ती जागा. सुरुवात शिफ्ट रॉडपासून करा. ते सील एवढंसं असतं आणि मेकॅनिक सहसा त्याला हातच लावत नाहीत.

कर्लीकाठ
शिफ्ट रॉडच. ग्रीस लावलं, काटा थांबला. सील काढलं तर रबर दगडासारखं झालेलं. रॉडवरही गंजाचे बारीक टिपके होते, ते साफ केले. नवं टाकल्यावर दोन्ही चाचण्या पास. त्याच सपाट्यात पंपाचा इम्पेलर आणि पंपाखालची सीलंही बदलली.

तांडेल_जुनो
बेस झाला. आता तेल भरताना खालच्या भोकातसून भरा. वरच्या भोकातसून तेल येयसर. वरसून ओतलास तर हवा आत अडाकता.

शिडवाली
आणि वरचा स्क्रू आधी लावा, मग खालची नळी काढून खालचा. वरचं भोक बंद असलं की खालून तेल धो-धो येत नाही. या इंजिनाला साधारण पाव लिटर लागतं. त्यापेक्षा बरंच कमी मावलं तर हवा अडकली आहे, शाफ्ट हाताने फिरवून थोडं थांबा.
दोन्ही स्क्रूंचे वॉशर नवे घाला. तुम्ही ज्या भोकात टेस्टर लावला होता, त्या भोकाचा स्क्रू तुमच्या चाचणीत आलेलाच नाही. सगळं पास होऊन तेल पुन्हा पांढरं झालं तर ते बहुतेक तिथूनच असतं.

मिशिगनचा_मिल्या
ॲनोडचा तुकडा राहिला की, मिठाचा मार स्वतःवर घेऊन घर वाचवणारा. पांढरी भुकटी झाली म्हणजे तो झिजून संपलाय किंवा कोणीतरी त्याच्यावर रंग मारलाय. रंगवलेला ॲनोड काहीच करत नाही, मग मीठ ॲल्युमिनियमचं घर खायला लागतं.

कर्लीकाठ
मारलाय! निळा, होडीचाच उरलेला. नवा आणतो. आणि काढलेलं तेल वाळूत ओतायचं नाही असं मामालाही सांगितलंय, डब्यात भरून जुनं तेल घेणाऱ्याला देणार.

कर्लीकाठ
बऱ्याच दिवसांनी धागा वर आणतोय. नारळी पौर्णिमेनंतर होडी उतरवली. पहिल्या काही फेऱ्यांनंतर रात्रभर इंजिन उभं ठेवून खालचा स्क्रू सैल केला. पाणी नाही. पण तेलाला किंचित धुरकट छटा आहे. घाबरायचं का?

भंगारातून_बहार
बेअरिंगांच्या खाचांत जुनं पांढरं तेल चिकटून राहतं, एका बदलात सगळं निघत नाही. तेच रंग देतंय. हे तेल काढून टाका, नवं भरा, आणि पुन्हा तेवढंच चालवून बघा. छटा कमी झाली तर उरलेलं होतं. तेवढीच राहिली किंवा वाढली तर टेस्टर आहेच तुमच्याकडे.

कर्लीकाठ
बदललं. दुसऱ्या खेपेला स्वच्छ, मधाच्या रंगाचं. मामाने ग्रीसचा डबा चाकांच्या गाडीला वापरायला काढलाय.

वाळूत_रुतलेला
तो बोल्टवाला टेस्टर पोस्टाने पाठवता का? माझं इंजिन पण 15 च आहे. भाडं मी देतो.

कर्लीकाठ
पाठवतो. व्यनि करा. फक्त गेज जपा, आणि कॉम्प्रेसर लावू नका.